बदकांचं आडनाव

बदकाला मांडीवर धरायचं असेल तर आधी त्याचे डोळे झाकावे लागतात. कोंबडीचं तसं नाही, तिचे पंख आवळून धरले की ती गप होते. बदक होत नाही. ते मान लांब करून सगळीकडे बघतं आणि सारखं काहीतरी बोलत राहतं, माझ्यासारखं. मी त्याच्या डोक्यावर पदराचं टोक टाकते. त्याला वाटतं दिवस मावळला, आणि मग ते मांडीत असं जड होऊन बसतं की उठवूच नये. भाची सुया घेऊन आली त्या दिवशी माझं काम एवढंच होतं. पदर टाकायचा आणि धरून बसायचं.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती जनावरांची डॉक्टर झाली, पण झाल्यावरही तिचं शिक्षण काही संपेना. आता काय शिकून राह्यली, असं विचारलं तर म्हणाली, बदकांचं रक्त. मला वाटलं थट्टा करते. पण तिनं नीट समजावून सांगितलं. कोंबडीला बर्ड फ्लू झाला की ती मान टाकते आणि साऱ्या गावाला कळतं. बदक मात्र पुष्कळदा तो आजार अंगावरच काढतं आणि तळ्यात पोहत राहतं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून त्याच्या रक्ताला विचारावं लागतं, बाई, तुझ्याकडे कोणी येऊन गेलं का? आजार येऊन गेला की त्याच्याशी लढायला अंगानं जे तयार केलेलं असतं ते रक्तात मागे राहतं. पुस्तकात त्याला प्रतिपिंड म्हणतात. ते शोधायच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत, आणि बदकांच्या बाबतीत कोणत्या तऱ्हेवर भरवसा ठेवायचा, हे ताडून पाहणं हाच तिचा अभ्यास. त्यासाठी तिला घरगुती, धडधाकट बदकं हवी होती. आपल्याकडे सोयाबीन मागा, तूर मागा, पोत्यानं मिळेल. बदकं कोणाकडे? मावशीकडे.

माझ्याकडे ती कशी आली तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. मुलानं शेततळं खोदलं, त्यात शेवाळ आणि गोगलगायी माजल्या. इंझोरीला आमचे एक सोयरे आहेत, त्यांच्याकडे हे सगळं खाणारी बदकं होती. त्यांनी टोपलीभर अंडी दिली. अंडी आली, पण उबवणार कोण? बदकीण अंडी घालते आणि विसरून जाते. तिला बसायचा धीर नाही. म्हणून आपल्याकडे बदकाची अंडी खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेल्या कोंबडीखाली ठेवतात. माझ्याकडे तेव्हा खुडूक बसलेली कोंबडी नव्हती. ती शेजारच्या आपाकडे होती.

आपा आणि मी भिंतीला भिंत लावून राहतो. ती अंडी विकते. जऊळक्याच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची टोपली असते, आणि बाजाराच्या दिवशी ती रिठदपर्यंत जाते. तिच्या मुलाचं वाशीमला शिवणकामाचं दुकान आहे. तो तिला सारखा शहरात बोलावतो, ती जात नाही. तिथं कोंबड्या कुठं ठेवू, म्हणते. खुडूक कोंबडी उसनी मागणं आमच्या गल्लीत विरजण मागण्यासारखंच आहे. आपानं ती ओढणीत गुंडाळून आणून दिली. बदकाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यापेक्षा आठवडाभर जास्त लागतो हे मी तिला सांगायचं राहिलं. कोंबडीचे दिवस भरले, वर गेले, तरी पिल्लं निघेनात. आपा रोज भिंतीवरून विचारायची, माझी कोंबडी काय पेन्शनीत बसवली का? शेवटी पिल्लं निघाली, पिवळी, चपट्या चोचीची. आपा आली, बघितलं, आणि आपल्या कोंबडीकडे पाहून म्हणाली, बिचारीला वाटत असेल माझंच काही चुकलं.

तीच पिल्लं माझी पहिली बदकं. थोराड झाली आता. नंतर मी आणखी काही विकतची आणली. ती दिसायला सारखीच, पण पहिली बदकं कोंबडीच्या अंगाखाली वाढलेली, म्हणून त्यांना दाणा टाकताना मी "आ आ" करते तसं केलं की येतात. विकतची येत नाहीत.

तर रक्त काढायचा दिवस. भाचीनं पंख पसरून आतली शीर शोधली, कापसानं पुसली, सुई घातली. बदक पदराखाली एकदा पुटपुटलं, बस. तिनं प्रत्येकाच्या पायात आकडा लिहिलेलं कडं घातलं. रक्ताच्या नळ्या तिनं तिरप्या करून ठेवल्या. चहा होईपर्यंत रक्त खाली गोठलं आणि वर पिवळसर स्वच्छ पाणी आलं. मी म्हटलं, ही तर ताकावरची निवळ. ती म्हणाली, अगदी तीच, आणि आम्हाला हीच निवळ पाहिजे. आपाही बघायला आली होती. तिनं आपल्या कोंबड्यांचं रक्त देऊ का म्हणून विचारलं. नको, मी फक्त बदकांचा अभ्यास करते, असं भाचीनं सांगितल्यावर आपाला ते जरा लागलंच.

काही दिवसांनी भाचीचा फोन आला. पहिल्या चाचणीत सगळी बदकं स्वच्छ निघाली होती. आता माझा स्वभाव असा की चांगली बातमी माझ्या पोटात राहत नाही. आमच्याकडे आनंदाला खीर लागते. बुद्धपौर्णिमेला करतो तशी मोठ्या पातेल्यात खीर केली आणि अख्ख्या गल्लीत वाटली. माझ्या बदकांना काही नाही हो, असं सांगत वाटली. ज्यांना बदकांबद्दल काही शंकाच नव्हती, त्यांनाही मी त्या दिवशी खिरीबरोबर शंका वाटून दिली म्हणायची. आपा दोन वाट्या प्यायली आणि म्हणाली, कॉलेजच्या मशीननं सांगितलं म्हणजे बात खतम.

बात खतम झाली नव्हती. पुढच्या रविवारी भाची जऊळक्याला गाडीतून उतरली ती तोंड पाडूनच. मी ताट वाढलं तर तिला जेवण जाईना. मग तिनं सांगितलं. ती पहिली चाचणी कोंबड्यांसाठी बनवलेली होती. तिच्या कॉलेजात एका अशा बदकाची निवळ जपून ठेवलेली आहे, ज्याला तो आजार होऊन गेला होता हे पक्कं माहीत आहे. ती निवळ त्याच चाचणीत टाकली, तर चाचणी म्हणते, स्वच्छ.

"मावशी, ते किट कोंबडीचं रक्त ओळखाले बनवलं हाये," ती म्हणाली. "बदकाचं त्याले दिसतच नाई. मी तुले इतक्या लवकर सांगाले नोको होतं."

मी म्हटलं, अगं पण माझी बदकं तर कोंबडीनंच वाढवली, थोडी तरी ओळखीची वाटली असतील. ती हसली. मला तेवढंच पाहिजे होतं, तिनं दोन घास खाल्ले. मग पुढचं सांगितलं. दुसरी एक चाचणी आहे, तिला पक्षी कोणता याच्याशी देणंघेणं नाही. कोंबडी असो, बदक असो, कबूतर असो, ती सारख्याच नजरेनं बघते. त्या चाचणीत माझी काही बदकं "हो" म्हणत होती. सगळी नाहीत. कड्यांचे आकडे तिनं वाचले आणि मी परसात जाऊन बघून आले. सगळी माझी पहिली बदकं होती, "आ आ" म्हटल्यावर येणारी.

"हो" म्हणजे काय, हे तिला विचारायची गरज नव्हती. बर्ड फ्लूची बातमी पेपरात यायची तेव्हा मी वाचत असे. तो मोठा आजार निघाला तर नुसती माझी बदकं नाही, आसपासच्या साऱ्या घरांतले पक्षी सरकार मारून पुरतं. म्हणजे आपाच्या कोंबड्या. म्हणजे आपाची टोपली, तिचा रस्ता, तिचं वाशीमला न जाणं, सगळंच.

भाचीनं तिच्या सरांना सांगितलं होतं, सरांनी नियमाप्रमाणे पुढे कळवलं होतं. जनावरांच्या दवाखान्याची माणसं आली, चांगली माणसं होती, पायताणं बाहेर धुवून आत आली. माझ्या बदकांच्या आणि आपाच्या कोंबड्यांच्या घशातून आणि मागून कापसाच्या काड्या फिरवून नेल्या. रक्त मागची गोष्ट सांगतं, आणि काडी आजची सांगते, असं भाचीनं मला समजावलं. उत्तर येईस्तोवर बदकं कोंडून ठेवायची, कोंबड्याही कोंडायच्या, अंडी विकायची नाहीत.

आपानं एवढंच विचारलं, "काल त तू खीर वाटून राह्यली होती, नाई?"

काल नव्हतं ते, पण वाटली होती खरी. त्यानंतर ती संध्याकाळच्या चहाला येईना. तिची टोपली भिंतीला उलटी टेकवलेली मला माझ्या चुलीपाशी बसून दिसायची. कोंडलेली बदकं दिवसभर गलका करायची, आणि तिकडून कोंबड्या उत्तर द्यायच्या. पक्षीच तेवढे बोलत होते भिंतीवरून. मी एकदा वाटीत भाजी घेऊन गेले तर तिनं घेतली, वाटी धुवून परत पाठवली, पण रिकामी. आमच्यात कधी वाटी रिकामी जात नाही, काही नाही तर चिमूटभर साखर तरी टाकतात. त्या रिकाम्या वाटीनं मला जितकं बोलून दाखवलं तितकं आपानं आयुष्यात बोलून दाखवलं नसेल.

भाची मात्र रोज फोन करायची. मीच तिला धीर देत होते की ती मला, कोण जाणे. आता तिसरी चाचणी करून राह्यली, असं ती म्हणाली. ती कशी, ते मी दोनदा विचारून घेतलं, म्हणून लिहू शकते. बारीक खळगे असलेली प्लास्टिकची थाळी असते, इडलीपात्राचं नातवंड म्हणा. एका खळग्यात बदकाची निवळ, तिच्यात मारून टाकलेला एक ठरावीक आजार, आणि वरून कोंबडीच्या रक्तातल्या लाल पेशी. बदकाच्या निवळीत त्याच आजाराशी लढणारं काही असेल तर ते आजाराला धरून ठेवतं, आणि लाल पेशी शांत तळाशी बसतात. मसुरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका दिसतो. नसेल तर आजार त्या लाल पेशींना एकमेकींत गुंतवतो, आणि सांडलेल्या चहासारखं सगळं पसरतं.

पण बदकांनी इथंही खोड काढली. ज्या खळग्यांत आजार टाकलाच नव्हता, तिथंही पसरलं. बदकाची निवळ स्वतःच कोंबडीच्या पेशींना जाऊन चिकटत होती. मग ठिपका कुठला आणि पसरलेलं कुठलं, काही समजेना. त्याच्यावर उपाय असा की आधी निवळीत कोंबडीच्या पेशी टाकून ठेवायच्या. जे चिकटायचं ते चिकटून घेऊ द्यायचं. मग पेशी खाली बसवून वरची निवळ पुन्हा काढायची आणि चाचणी नव्यानं मांडायची. मी म्हटलं, आपाच्या कोंबडीचं रक्त ने ना मग, ओळखीचं आहे. ती म्हणाली, कॉलेजात त्यासाठी वेगळ्या सांभाळलेल्या कोंबड्या आहेत, आपाच्या कोंबड्या कुठं कुठं फिरून येतात ते मला माहीत आहे.

मी विचारलं, पण ही तिसरी चाचणी दुसरीपेक्षा काय वेगळं सांगणार? तेव्हा ती जे बोलली ते माझ्या डोक्यातून जात नाही.

"मावशी, दुसऱ्या चाचणीनं नुसतं आडनाव सांगतलं. फ्लूच्या खानदानातलं कोनी येऊन गेलं, येवढंच. त्या खानदानात घरं जाळनारेबी हायेत आन नुसते शिंकनारेबी. तिसरी चाचणी नाव सांगते."

आता हे दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर त्याला फक्त समजलं असतं. माझ्या ते अंगावरून गेलेलं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. पुढचं वाचन केलं ते आमचे हे जऊळक्याच्या स्टेशनावर कामाला होते तेव्हा, गाडीच्या डब्यात लोकांनी टाकून दिलेले पेपर ते घरी आणायचे त्यावर. पुढे त्यांची बदली झाली आणि शहरात खोली बघायची वेळ आली. एका घरच्या बाईला मी फार आवडले. तिनं पाण्याचा नळ दाखवला, तुळशीजवळ कपडे वाळत घाल म्हणाली, माझ्या मुलाच्या गालाला हात लावला. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. तिला एकदम आठवलं की खोली भाच्याला द्यायची आहे. आडनाव तर माझं होतंच, मी नाही कुठं म्हणते, पण त्या बाईला माझं नाव विचारायचं सुचलं नाही. शेवटी आम्हाला खोली मिळाली ती मोमीनपुऱ्यातल्या एका घरात. त्या घरमालकिणीनं आधी विचारलं, लेकरू रात्री रडतं का?

म्हणून मी भाचीला म्हटलं, बाई, माझ्या बदकांचं नाव नीट विचार. घाई करू नको.

तिनं केली नाही. निवळ धुतली, चाचणी मांडली, मग सगळं पहिल्यापासून पुन्हा मांडून बघितलं. आणि फोन न करता ती गाडीतून उतरून घरी आली. पहिल्यांदा फोनवर सांगून जो घोळ झाला होता, तो तिच्या लक्षात होता. दारातच म्हणाली, मोठा आजार नाही. त्याच्यासमोर एकाही बदकाचा ठिपका आला नाही. ठिपका आला तो त्याच खानदानातल्या दुसऱ्याच एका हलक्या आजारासमोर, जो कोंबड्यांमध्ये फिरत असतो, चार दिवस शिंका आणतो, अंडी कमी करतो आणि जातो. तोही जुना, होऊन गेलेला. त्याच दिवशी दुपारी दवाखान्यातूनही निरोप आला. काड्यांमध्ये काही नव्हतं, माझ्या बदकांच्याही आणि आपाच्या कोंबड्यांच्याही.

मी बदकं सोडली. ती आधी दारातच गर्दी करून उभी राहिली, एकमेकांना ढकलत, जणू तळं कुठं आहे तेच विसरली. मग एकाला आठवलं.

खीर नाही केली यावेळी. सरळ आपाकडे गेले आणि भाचीला बरोबर नेलं, म्हणजे सांगण्यात माझ्याकडून तिखटमीठ लागायला नको. आपानं सगळं ऐकून घेतलं, नाव आणि आडनावाचंही. हलका आजार, कोंबड्यांमध्ये फिरणारा, पहिल्या बदकांनाच झालेला. आपा अंडी विकते, हिशेबाची पक्की आहे. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघींनाही तीच कोंबडी आठवली, पिल्लं निघाल्यावर शिंकत होती ती. तेव्हा मी आपाला दाखवलंही होतं, आणि आपा म्हणाली होती, सोयाबीनच्या कुटाराची, भुशाची धूळ आहे, सगळ्यांनाच नाकात जाते.

"मंजे माह्याच कोंबडीनं देल्लं तुह्या बदकाईले," आपा म्हणाली, "आन मी तुह्याशी बोलत नोव्हती."

भाचीनं लगेच सांगितलं की असं पक्कं म्हणता येत नाही, कोणी दिलं ते रक्त सांगत नाही, रानातल्या पाखरांनीही दिलं असेल. आपानं ते ताबडतोब पकडलं. बघ, डॉक्टरीण काय म्हणते, सबूत नाही. आणि उठून चहा ठेवला. चहात आलं इतकं टाकलं की मला ठसका लागला, तर म्हणाली, आता तुझीही तपासणी करून घे.

भाचीनं जाताना दोघींना बजावलं. कोंबड्या आणि बदकं एका खुराड्यात कोंडायची नाहीत, त्यांची साफसफाई झाली की साबणानं हात धुवायचे, शिंकणारा पक्षी दिसला की वेगळा करायचा आणि मला कळवायचं. तिच्या अभ्यासाला माझी बदकं फार कामी आली म्हणे. एकाच रक्तानं तीन चाचण्यांना तीन उत्तरं दिली, आणि तिन्ही चाचण्या कुठं कशा फसतात ते तिथंच दिसलं. सरांनी शाबासकी दिली. मला हे ऐकून बरं वाटलं, पण बदकांना सांगितलं तर त्यांनी दाणा मागितला.

आपाची टोपली पुन्हा रस्त्यावर लागली. पहिल्या दिवशी मीच तिची गिऱ्हाईक, घरात अंडी असताना. तिनं मला निवडून मोठी दिली.

आता परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. माझ्याकडे बदकांची अंडी साचली होती. थंडी सुरू व्हायच्या आत बसवावी असं मनात होतं, पण मागायचं कसं? इतकं सगळं झाल्यावर खुडूक कोंबडी मागायला मला जीभ रेटेना. मी भिंतीवरून नुसतं म्हटलं, अंडी बरीच झाली आहेत. तिकडे आपाच्या खुराड्याचं दार वाजलं. थोड्या वेळानं ती दारात उभी. ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी कुरकुरत होतं. तिनं आधी त्या कोंबडीचं तोंड स्वतःच्या कानाशी धरलं, बराच वेळ, आपा डोळे मिटून ऐकत होती. मग माझ्या कानाशी धरलं. श्वास साफ होता. पिसांचा उबदार वास आला.

"घे, बसव," आपा म्हणाली. "पन यावेळी तुह्या पिल्लाईले सर्दी झाली त डॉक्टरनीले माह्या कोंबडीचं नाव सांगू नोको. नुसतं आडनाव सांगजो."

मी कोंबडी पदरात घेतली आणि आत जाऊन एक वाटी शोधली. अबोल्याच्या आधीची तिची एक वाटी माझ्याकडेच राहिली होती. चिमूटभर नाही, चांगली भरून साखर दिली.